सगळ्यात लांब कोण बघणार?

विश्रामचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. ठाण्यात खोपटच्या एकाच स्टुडिओत आम्ही दोघं लग्नाचे व्हिडिओ काढायला शिकलो. आज माझ्याकडे फोर-के कॅमेरा आहे आणि त्याच्याकडे चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप. तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाला लग्न लाइव्ह दाखवायचं असलं की बोलावणं त्यालाच!

बुकिंग घेताना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात लांब कोण बघणार?" मग त्या माणसाला फोन. तो जिथे बसून बघणार तिथेच त्याला बसवून आधी चालवून बघायचं, आणि त्याला अडकणार नाही एवढीच क्वालिटी ठेवायची. फोर-केच्या मानाने अगदी साधी, चारशे ऐंशीची, तर चारशे ऐंशीची. मी याला नाटकं म्हणायचो. लोक मात्र या नाटकांवर खूश.

माझ्या प्राचीचं लग्न डोंबिवलीत ठरलं, तेव्हा विश्रामला मी फक्त पत्रिका दिली. लाइव्हचं सगळं हट्टाने स्वतः केलं. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं, ती संगमेश्वरजवळ गावी अंथरुणावर. नातीचं लग्न तिला मोबाईलवरच बघायचं होतं. मी सरळ फोर-के लावलं. विश्रामलाही कळू दे, काम कशाला म्हणतात ते! सकाळी रिकाम्या हॉलमध्ये नेट झकास होतं. मग चारशे पाहुणे आपापले मोबाईल घेऊन आले, आणि मी मुलीचा बाप म्हणून मांडवात अडकलो.

अक्षता पडल्यावर आईला फोन लावला.

"आधी नुसतं गोल फिरत होतं रे," ती म्हणाली. "मी रडकुंडीला आले. मग मंगलाष्टकांपासून सगळं दिसलं. हार घालताना प्राची हसली, तेसुद्धा."

गोंगाटात फोन स्पीकरवर टाकून मी तसाच माझ्या लॅपटॉपकडे गेलो. क्वालिटी चारशे ऐंशीवर आणलेली. शेजारच्या खुर्चीत विश्राम मठ्ठा पीत होता.

"हॉलचं नेट बसलेलं रे," तो हळूच म्हणाला. "तू तिकडे मांडवात. म्हणून मीच बंद करून परत चालू केलं."

त्याचे आभार मानायचे सोडून मला तो मठ्ठा त्याच्या शर्टावर ओतावासा वाटला. फोनवर आई बोलतच होती.

"विश्रामने फोन करून परत उघडायला लावलं बघ. म्हणाला, काकू, तुमच्या लेकानेच सांगितलंय. एवढ्या गडबडीत आईची आठवण ठेवलीस रे बाळा!"

विश्रामला सगळं ऐकू जात होतं. त्याने मान वळवून ग्लास तोंडाला लावला.

"हो गं आई," मी म्हटलं, "मीच सांगितलेलं त्याला."