बदल आढळला नाही

माझी वहिनी कापडाच्या कारखान्यात तपासनीस आहे. सव्वीस वर्षं एकच काम. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकतं, त्यात तुटका धागा दिसला, वीण बदललेली दिसली, की खडूने फुली मारायची. घरीही तेच. मी आणलेले टॉवेल, मी निवडलेला नवरा, सगळ्यांत तिला खोट सापडलीच. जिभेला हाड नाही मेलीच्या.

दादाच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा मात्र तिची वाचाच बसली. शेजारच्या खाटेवर एक रंगारी होता, त्याचंही तेच दुखणं, ऑपरेशन त्याच आठवड्यात. दादा एकसष्टचा, तो छत्तीसचा. दोघांच्या बायका बाकावर बसून एकाच डब्यातलं खायच्या.

गाठींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. दादाच्या कागदावर लिहिलं होतं, 'जनुकीय बदल आढळला नाही.' रंगाऱ्याच्या कागदावर, 'आढळला.' वहिनीच्या लेखी बदल म्हणजे फुली. मला फोन करून म्हणाली, "आपला माल निर्दोष निघाला बघ." वर रंगाऱ्याच्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवून "धीर सोडू नकोस गं," असंही सांगून आली. ती बिचारी दिवसभर रडली. मला वहिनीचा राग आला आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सगळं उलटं होतं. या गाठीत तो बदल असला तर ती सावकाश वाढते, औषधांना दाद देते, माणूस बरीच वर्षं काढू शकतो. रंगाऱ्याचं वयही कमी, आणि गाठ जवळपास सगळी निघाली होती. दादाची खोल रुतलेली, थोडी आत ठेवावी लागली होती.

"मग तो बदल आता यांच्यात करता येत नाही का?" वहिनीने विचारलं.

नाही, म्हणाल्या.

तेव्हापासून रंगाऱ्याची बायको वहिनीच्या डोळ्यांत सलायला लागली. रंगारी पुन्हा शिडीवर चढला, इकडे दादाला शर्टाची बटणं लावता येईनात. "असं काय पुण्य केलंय तिने?" वहिनी धुसफुसायची. तिचं तोंड दिसू नये म्हणून तपासणीची तारीखसुद्धा बदलून घेतली.

मी म्हटलं, "अगं, त्याचं आयुष्य काही दादाच्यातून कापून नेलेलं नाही."

"कळतं मला. तरी जळते मी."

गेल्या मंगळवारी तरी दवाखान्यात त्यांची गाठ पडलीच. रंगारी दादाला मिठी मारून, बायकोला घेऊन गेला. दादा एकेक शब्द शोधत म्हणाला, "पोरगा सावरला. बरं वाटलं मला. तुला नाही वाटत?"

"तुम्हाला वाटणारच," वहिनी म्हणाली. "तुम्हाला कुठे मागे राहायचंय?"

आमचा नंबर पुकारला, तरी दोघं बसूनच राहिली.