फरशीमावशीचे मोजे

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की चर्चचा मनोराही दिसेना. फरशीमावशीनं नेहमीसारखं आपल्याकडच्या किल्लीनं चर्च उघडून आतून कडी लावली, बादलीभर उकळत्या पाण्यात मूठ-मूठ धुण्याचा सोडा टाकला आणि वेदीपासून दारापर्यंतचा पांढरा दगड घासून काढला. एकवीस वर्षं हेच. लोक यायच्या आत मोजे-बूट चढवून मागच्या दारानं पसार.

त्यामुळे लोकांना दिसायचे ते मोजेच. ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

"आल्या महाराणी!" हेडमास्तर हटकून म्हणायचे. "पाय जमिनीला लागत नाहीत बाईंचे."

मावशी हसून सोडून द्यायची.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीची मिस्सा होती. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तसे फादर बारा जणांचे पाय धुतात. आमची तऱ्हा अशी, की बाराही जण घरूनच पाय घासूनपुसून येतात. हेडमास्तरांच्या पायांना तर अत्तराचा वास येत होता. ऐन वेळी बेकरीवाला तापानं आडवा झाला. बारावी खुर्ची रिकामी. फादरांची नजर खांबाआडच्या मावशीवर गेली.

"मावशी, या."

"नको फादर. दुसरं कुणी बघा ना."

"महाराणी लाजतात मोजे काढायला!" हेडमास्तर म्हणाले. दोन-चार जण फिदीफिदी हसले.

मावशी बूट काढून बसली. फादरांनी गुडघे टेकून मोजा ओढला, तर निघेना. कातडीला चिकटला होता.

शेवटी दोन्ही निघाले, आणि हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. तळव्यांची सालटी निघालेली, टाचा चिरलेल्या, दोन बोटांना नखंच नाहीत. माझ्या शेजारच्या शिंपिणीनं तोंडावर हात दाबला. फादरांच्या हातातलं भांडं कलंडलं.

"हे... कशानं?"

"सोड्यानं. बुटांचे डाग पडतात वेदीपाशी, म्हणून अनवाणी घासते." मग आवाज उतरवून, "काम काढून घ्याल म्हणून लपवलं. घेऊ नका, फादर. देवाला द्यायला माझ्याकडं एवढंच आहे."

एकवीस वर्षं आम्ही त्या दगडावर गुडघे टेकतोय. तो एवढा पांढरा कसा, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

फादर कितीतरी वेळ नुसतं पाणी घालत राहिले, तान्ह्या बाळाचे पाय धुवावेत तसे.

"किल्ली तुमच्याकडेच राहील," शेवटी म्हणाले. "पण उद्यापासून रबरी बूट."

"डाग पडतील."

"पडू देत."

मावशीनं खाली पाहिलं. सांडलेलं पाणी खुर्च्यांखाली पसरत होतं. तिनं पाय बुटांत सारले, कमरेचं फडकं काढलं आणि वाकली.

"पाय वर घ्या, हेडमास्तर."