निळा अंगठा

जखमेला चिकटलेलं गॉज आबांनी कधी ओढून काढलं नाही. जळगावच्या आमच्या दवाखान्यातले हे म्हातारे ड्रेसर त्यावर सलाईन सोडत, ते आपोआप सुटेपर्यंत पेशंटच्या घरच्यांची चौकशी करत बसायचे. त्यांचा अंगठा रुंद, मधोमध जुन्या चिरेची रेघ, आणि कायम निळा. औषधाचा डाग असेल, असं मला वाटायचं. मी तिथला शिकाऊ डॉक्टर, परीक्षेची उजळणी करत बसलेलो असे. सहीचे कागद पुढे सरकवून ते म्हणत, "साहेब, तुम्ही वाचा. बठ्ठं व्हयेल शे." सगळं झालंय म्हटल्यावर मी पुस्तकातून मान न काढता सही करायचो.

त्या दिवशी मी पुस्तकातलं नेमकं रुग्णाच्या संमतीचं प्रकरण वाचत होतो. फैजपूरची एक बाई आदल्या दिवशी आली होती. कडबा कापायच्या यंत्रात दोन्ही हात सापडून तिची दोन बोटं काढावी लागली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. मला पाहून ती म्हणाली, "डॉक्टर, पट्टी सोडली की बोटं हलतील ना?"

मी धावत जाऊन तिचा कागद काढला. संमतीच्या जागी ठसठशीत निळा अंगठा.

"आबा, हा कुणाचा?"

"मना," स्वतःचा अंगठा दाखवत ते शांतपणे म्हणाले. "तिना हात मोकळा कोठे व्हतात?"

मी जुने कागद उपसले. कितीतरी कागदांवर चिरेची तीच रेघ होती, आणि प्रत्येकीखाली साक्षीदार म्हणून माझी सही.