दस्तखताखालचा अंगठा

माझा अंगठा तात्याने चिंधी धरून घेतला.

चिंधी आमच्याच कामातली. वसतिगृहाच्या पोरांचे पांढरे सदरे बेतताना उरलेली. तात्याने ती खालून उचलली, माझ्या मनगटावर टाकली आणि वरून मनगट धरलं. उघड्या हाताने धरलं असतं तर त्याला विटाळ झाला असता. मग त्याने माझा अंगठा जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. कागद कोरा होता. वर एक अक्षर नव्हतं.

"तात्या, मला दस्तखत येतंय," मी म्हणाले.

तात्या हसला. शेजारी त्याची बायको उभी होती, आम्ही तिला वैनीसाहेब म्हणायचो. तीही हसली.

"दस्तखत? मंग हितं कशाला बसलीस? कलेक्टर हो की! लय शाणी झाली बाई. व्हय बाजूला."

त्याच्या अंगात त्या दिवशी जो सदरा होता तो मी शिवलेला होता. कॉलर मी बसवली, काज मी केले. माझ्या हाताचं काम रोज त्याच्या मानेला घासत होतं. तेव्हा विटाळ नव्हता. विटाळ फक्त मनगटाला होता.

मी मशिनीवर जाऊन बसले. शाई ओलीच होती. सदरा सरळ करताना खिशावर जांभळा डाग पडला. वैनीसाहेबांनी तो सदरा माझ्या हातातून ओढला, चोळामोळा केला आणि माझ्या तोंडावर फेकला.

"ह्यांच्या हाताला चांगलं काय टिकतच न्हाई."

ह्यांच्या. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. अकरा मशिनी थांबल्या होत्या, अकरा बायकांना कळलं. मी खाली मान घालून तो सदरा उलगडला आणि खिसा उसवायला लागले. तात्याचा राग नंतर आला. आधी माझाच आला, की मी गप्प कशी बसले.

ही शेड परभणीत, स्टेशनाच्या मागे. तात्याचं सरकीचं गोदाम होतं. त्याच्या पुढे पत्रे ठोकून त्याने मशिनी बसवल्या होत्या. तात्याची गावाकडे काळी जमीन, घरासमोर जीप, सोसायटीत वजन. आम्ही भीमनगरातून चालत यायचो. पाचजणी आमच्यातल्या, बाकीच्या इकडच्या तिकडच्या, गरज सगळ्यांची सारखीच. माझ्या शेजारच्या मशिनीवर फातिमाबी बसायची. पाच लेकरांची आई. तिच्या हाताची शिलाई अशी सरळ, की पट्टी लावली तरी वाकडी दिसली नसती.

त्या दिवशी घरी गेले तर बाप ओट्यावर बसला होता. माझा बाप रेल्वेत गँगमन. चुडाव्याच्या अलीकडे-पलीकडे रूळ ठोकण्यात त्याचा जन्म गेला. त्याला लिहिता येत नव्हतं. पण आमच्या घरात त्याचा एक कायदा होता: वाचल्याशिवाय अंगठा नाही. कारण निजामाच्या काळात माझ्या आज्याने पटवाऱ्याच्या कोऱ्या कागदावर एक अंगठा दिला होता. त्या एका अंगठ्यात आमच्या हाडोळ्याची जमीन गेली. महारकीची, हक्काची जमीन. आज्याला वाटलं होतं, सारा भरल्याची निशाणी देतोय.

म्हणून बापाने मला शाळेत घातलं. पोरीची जात म्हणून गावाने नावं ठेवली, तरी सातवीपर्यंत शिकवलं. पहिल्यांदा मी पाटीवर माझं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा त्याने ती पाटी दोन दिवस कुणाला पुसू दिली नव्हती. पुढे नामांतराच्या आगीत आमचं गावातलं घर जाळलं. धान्य जळालं, माझा शाळेचा दाखलाही जळाला. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी परभणीला आलो. नवरा त्याच्या आधीच वारला होता.

बापाने माझा हात पाहिला. अंगठा जांभळा होता. मी पदराआड केला, पण त्याने पाहिलाच.

"काय लिव्हलं व्हतं कागदावर?"

"काय न्हाई. कोरा व्हता."

तो उठला, चिमणीतलं रॉकेल चिंधीवर घेतलं आणि माझा अंगठा पुसत बसला. लहान लेकराचं नाक पुसावं तसा. शाई पुरती गेली नाहीच. त्याने मला एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी बातमी आली, सरकारी साहेब शेडच्या पाहणीला येणार. तेव्हा कुठे मला आम्हा सगळ्यांकडून घेतलेल्या अंगठ्यांचा थोडाफार उलगडा झाला, तोही फातिमाबीकडून. सरकारने नवी सवलत काढली होती. बायकांनी मिळून काढलेली, बायकांच्याच मालकीची, बायकाच चालवतात अशी संस्था असेल तर तिला तसा दाखला मिळतो. मग वसतिगृहाचे सदरे, दवाखान्याच्या चादरी, ही कामं आधी तिला. त्यात मागासवर्गीय बायका पदावर असल्या तर आणखीच चांगलं. तात्याने हे बरोबर ऐकलं. मशिनी आम्ही हाणायच्या, दाखला वैनीसाहेबांच्या नावाचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

पाहणीच्या दिवशी आम्ही आलो तर आमच्या मशिनींवर दुसऱ्याच बायका. तात्याच्या भावकीतल्या. अंगावर इस्त्रीच्या साड्या, हातात बांगड्यांचे चुडे. वैनीसाहेब माझ्या मशिनीवर.

"तुमी आत बसा," तात्या आम्हाला म्हणाला, "साहेब गेला की बोलावतो. आवाज करायचा न्हाई."

आत म्हणजे सरकीच्या गोदामात. आम्ही आत गेलो आणि त्याने बाहेरून कडी घातली. अकरा बायका, सरकीची पोती आणि पत्र्याची भिंत. सरकीच्या धुळीने खोकला यायचा, तो पदर तोंडात धरून दाबायचा. गुरंसुद्धा दावं दिसेल असं बांधतात. आम्हाला दिसूच नये असं कोंडलं होतं.

पत्र्यात खिळ्याचं भोक होतं. मी डोळा लावला.

साहेब आला. मध्यम वयाचा, कातडी बॅग, घामाने कॉलर ओली. त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "जरा काम चालू करून दाखवा."

वैनीसाहेबांनी पायडलवर पाय ठेवला. जन्मात कधी ठेवला नव्हता. चाक उलटं फिरलं, कट्‌कन दोरा तुटला. पुन्हा ओवायला गेल्या तर सुईचं भोक सापडेना. पायडलवर नवा माणूस बसला की चाक उलटं जातंच, आम्हीही सुरुवातीला रडलो आहोत. पण आम्ही मालकीण म्हणून नव्हतो बसलो. गोदामात शेवंता नावाची पोर फस्सकन हसली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

साहेबाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बॅगेतून यादी काढली आणि एकेक नाव वाचायला लागला.

"अध्यक्ष."

"मीच," वैनीसाहेब म्हणाल्या.

"सचिव." आणि त्याने माझं नाव वाचलं. पूर्ण. माझं, बापाचं, आडनावासकट. पाटीवर लिहिलं होतं तेवढं सगळं.

मला आधी वाटलं, कानाला भास झाला. मी सचिव? कधीपासून?

तात्या अडखळलासुद्धा नाही. "ती आज न्हाई साहेब. बाळंतपणाला माहेरी गेलीय."

चार वर्षं झाली होती माझा नवरा जाऊन. चार वर्षं विधवा असलेल्या बाईला त्या माणसाने उभ्या उभ्या बाळंत केलं, वर तोंड लाजल्यासारखं केलं. आणि बाहेरच्या त्या इस्त्रीच्या साड्यांपैकी एकीलाही लाज वाटली नाही. सगळ्या खाली बघत होत्या.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधडा मारायला लागले.

फातिमाबीने मला मागून कवटाळलं. "चुप बैठ गे! काम जाएंगा सबका. मेरे पाँच हैं घर में."

तिचं खरं होतं. तिच्या पाच लेकरांचं खरं होतं. तरी मी थांबले नाही. मी एवढंच म्हणाले, "माजं नाव घेतलंय त्यानं, बी. माजं."

साहेब ओरडला, "आत कोण आहे? उघडा." तात्या म्हणाला, "काय न्हाई साहेब, गुरं हायत." गुरं! मी आतून ओरडले, "गुरं न्हाईत. सचिव हाय."

कडी निघाली. मी बाहेर आले. अंगभर सरकीची तूस, डोळ्यांत पाणी, दिसतही नव्हतं नीट.

"साहेब, आता वाचलं ते नाव माजं हाय. मी हितंच व्हते. बाळंत न्हाई झाले."

"रोजानं येणारी बाई हाय साहेब," तात्या म्हणाला, "डोक्यानं जरा..." आणि कानाजवळ बोट फिरवलं.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "काही पुरावा? शाळेचा दाखला वगैरे?"

"जळाला. गावातलं घर जाळलं तवा."

"मग?"

"मला दस्तखत येतंय. कागद द्या, करून दावते."

तेव्हा तात्या हसला. तेच हसू. त्याने साहेबासमोरचा कागद उचलून दाखवला. खाली माझा जांभळा अंगठा होता. वर, जिथे कोरं होतं, तिथे आता टाईप केलेल्या ओळी होत्या.

"बगा साहेब. सचिव अंगठाबहाद्दर हाय. हिला दस्तखत येतंय. मंग ही ती कशी? दस्तखत येणारी बाई अंगठा कशाला देईल?"

साहेबाने मान हलवली. त्याला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. तात्याने चिंधीत धरून माझं शिक्षण पुसलं होतं, आणि आता पुसलेलंच पुरावा म्हणून दाखवत होता. चोराच्या उलट्या बोंबा.

साहेबाने शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. "अंगठा द्या, जुळवून बघू. जुळला तर तुम्ही."

सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. अंगठा दिला तर मी ठरते, पण अडाणी ठरते. नाही दिला तर मी कुणीच नाही. मला बाप दिसला, रॉकेलची चिंधी घेऊन बसलेला. वाचल्याशिवाय अंगठा नाही.

"आधी पेन द्या," मी म्हणाले.

मी मशिनीच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं:

मी या संस्थेची सचिव आहे, हे मला आज पत्र्याआडून कळलं. मला लिहिता येतं. तरी माझा अंगठा कोऱ्या कागदावर, मनगटाला चिंधी धरून घेतला. ज्या बायका शिवतात त्या अकराजणी गोदामात कोंडल्या होत्या. ज्या मशिनीवर बसल्या आहेत त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

खाली दस्तखत केलं. पूर्ण नाव. मग मी स्वतः पॅडवर अंगठा दाबला आणि दस्तखताच्या खाली ठेवला. माझं मनगट कुणी धरलं नव्हतं.

"आता जुळवा. ह्यो कागद कोरा न्हाई."

साहेबाने दोन्ही कागद उजेडाला धरले. बराच वेळ बघितलं. मग दोन्ही बॅगेत टाकले आणि तात्याच्या जीपमध्ये बसून गेला. हो, तात्याच्याच जीपमध्ये. त्याला एसटी मिळत नव्हती म्हणे.

तात्याला दाखला मिळाला नाही. यात फार खूश होण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षी त्याने भावजयीच्या नावाने दुसरी संस्था काढली आणि दाखला घेतला. त्या वेळी अंगठे आमच्याकडून घेतले नाहीत, दुसऱ्या गावाहून आणले. आमचं काम मात्र पाहणीच्या त्याच संध्याकाळी गेलं. फातिमाबी दीड महिना माझ्याशी बोलली नाही. भीमनगरातल्या दोघीजणी मला रस्त्यात शिव्या देऊन गेल्या. द्या म्हणाले. त्यांची चूल माझ्यामुळे विझली होती, हे मी नाकारत नाही.

मग मी स्वतः दरखास्त दिली. अकरा बायकांची संस्था, बायकांच्या मालकीची, खरीखुरी. ऑफिसातला कारकून कागद न वाचताच म्हणाला, "सोबत कुणी पुरुषमाणूस आहे का? जबाबदार?" बायकांच्या संस्थेसाठी पुरुषमाणूस! मी कागद टेबलावर ठेवून निघाले. ते परत आले. जागेचा कागद नाही म्हणून. दुसऱ्यांदा दिले. चार महिन्यांपूर्वी पुन्हा परत आले. एक माझं दस्तखत सोडलं तर सगळे अंगठे, निरक्षर सभासद संस्था कशी चालवणार म्हणून.

बाहेर विद्यापीठाच्या नावासाठी माणसं अजून मार खातायत, तुरुंगात जातायत. लोक विचारतात, नावात काय ठेवलंय. मला विचारा. माझं नाव एका रजिस्टरात होतं, ते चोरून ठेवलं होतं, आणि ते माझं आहे हे सांगायला मला पत्रा बडवावा लागला.

आता रोज दुपारी माझ्या ओट्यावर बायका बसतात. पाटी नाही, म्हणून गडद निळ्या कापडाचे तुकडे आहेत, आणि कापडावर खुणा करायचा आमचा खडू. फातिमाबी आली. रागातच आली, अजून रागातच येते. तिचं नाव तिने निळ्या कापडावर उजवीकडून डावीकडे लिहायला घेतलं, तिच्या वडिलांनी शिकवलेल्या अक्षरांत. मी म्हणाले, तसं चालतंय की नाही ते ऑफिसवाल्यांना ठरवू दे, तू लिही. शेवंताला काना-मात्रा अजून जमत नाही. बाप कडेला बसून बघतो. परवा त्याने हळूच एक तुकडा मागून घेतला.

दरखास्तीला अकरा दस्तखतं लागतात. नऊ तयार आहेत. दहावं आणि अकरावं झालं की मी तिसऱ्यांदा जाणार. परत आली तर चौथ्यांदा. पाहणीला या म्हणावं. दाराला बाहेरून कडी असणार नाही, मशिनीचं चाक सुलटं फिरेल, आणि शाईचा पॅड आणायची तसदी घेऊ नका. आम्हाला तो लागणार नाही.