पखवाज आमचा होता

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. ती लावली नाही तर खर्ज निघत नाही, पत्र्यावर मारल्यासारखा आवाज येतो. कळंब्यातल्या आमच्या घरी ही कणीक मळायचं काम सातवीपासून माझ्याकडे होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी कणीक मळून पुडीवर थापायची आणि भजन सुरू झालं की आत जाऊन चहा ठेवायची. पखवाजाचे बोल मी तिथंच शिकले, ओट्यावर बोटं आपटत. आण्णांना ते कळत होतं. पुढे त्यांनीच माझा पंजा धरून थाप मोकळी कशी पडते ते दाखवलं, पण दार लोटून घेऊन.

तीन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. नृसिंहवाडीजवळ भजन स्पर्धा होती, जेमतेम महिना उरलेला. मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गायक, घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. मी वाजवते, असं मी म्हणाले. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, दूध संकलन केंद्रात फॅट तपासायचं काम करत होते. बुवांनी आण्णांकडं पाहिलं, आण्णांनी मान डोलावली.

मग केंद्रातनं सुटले की रोज आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, सराव. पहिला आठवडा सगळे माझ्याकडं असे बघायचे, की आता ही चुकते, मग चुकते. दुसऱ्या आठवड्यात बघायचं सोडलं. गवळणीत बुवा अचानक लय वाढवायचे, मी बरोबर पोचलेली असायची. एकदा त्यांनी डोळे मिटून गाणं पुढं नेलं. मी खूश होते. आज त्या खुशीचीच लाज वाटते.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी टेम्पोतनं गेलो, आण्णाही बरोबर होते. पखवाज माझ्या मांडीवर होता. मांडवामागं बसून मी कणीक लावली, वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून उजवी, शाईची बाजू सुरात आणली. तेवढ्यात पांढऱ्या झब्ब्यातला एक अनोळखी माणूस आला आणि आमच्या लोकांत बसला. कुणी त्याची ओळख करून दिली नाही, पण सगळे सरकून त्याला जागा देत होते. मला बुवांनी बाजूला बोलावलं.

"हे बघ, स्टेजवर पुरुषांचं भजन हाय. परीक्षक काय म्हणतील? पावणं वाजवतील आज."

मी विचारलं, मग महिनाभर मी कशाला बसले होते. सराव बुडू नये म्हणून, असं ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. वर समजूत काढल्यासारखं म्हणाले, "कणीक तेवढी तूच लावत जा. तुझ्यासारखी कुणाला जमत न्हाय."

मी आण्णांकडं पाहिलं. ते हाताच्या अंतरावर खुर्चीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आपल्या लुळ्या हाताकडं बघत राहिले.

पुडीवरची कणीक मी नखांनी खरवडून काढली, पखवाज खोळीत घातला आणि खांद्याला लावला. बुवा म्हणाले, "आगं, आता वाजवायचं कशावर?" मी म्हटलं, पखवाज आमचा हाय. आणि एसटी स्टँडवर चालत गेले.

त्यांचं काही अडलं नाही. दुसऱ्या मंडळानं पखवाज दिला आणि त्यांचा नंबरही आला. त्याचा राग वेगळाच. सगळ्यात मोठा राग बुवांचा नव्हताच. आण्णा घरी आल्यावर मी दारातच विचारलं, "हात गेलाय तुमचा. जीभ कुठं गेलती?" आई मध्ये पडली, आजारी माणसाला असं बोलू नये म्हणाली. मी बोलले, आणि मागं घेतलं नाही.

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी कोल्हापुरात एका गुरुजींकडं जाऊ लागले. त्यांनी आधी माझे सगळे ठेके बंद केले आणि दोन महिने नुसता 'ता' वाजवायला लावला. आता मी कीर्तनाला साथ करते. गेल्या वर्षी बुवा पेढे घेऊन आले. महिला दिनाला कार्यक्रम आहे, बाई पखवाज वाजवते म्हटल्यावर लोक जमतील, म्हणाले. पखवाजवाला पाहिजे असेल तर एरवी कधीही बोलवा, नुसती बाई पाहिजे असेल तर दुसरी बघा, असं मी सांगितलं. पेढे त्यांच्या पिशवीत परत घातले. त्यानंतर त्यांनी एकदाही बोलावलेलं नाही.

मागच्या महिन्यात सकाळी मी रियाज करत होते. आण्णा काठी टेकत येऊन शेजारी बसले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "त्या दिवशी मी बोलाय पायजे हुतं."

पायजे हुतं, मी म्हटलं. असू दे, असं माझ्या तोंडून आलं नाही. चहा घेतला आणि केंद्रावर गेले.