केळफुलाचा काठ पाहायला सुरतला

माझी मावसबहीण वैशाली सुरतला साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढते. "ये गं एकदा, माझं ऑफिस दाखवते," हे पालुपद मी कित्येक वर्षं ऐकत होते. यावेळी म्हणाली, आता आली नाहीस तर दाखवायला काही उरायचं नाही. मला थट्टाच वाटली. तरी निघाले.

जळगावहून दिवसाचीच गाडी पकडा, नवापूरकडचे डोंगर चुकवू नका. वैशालीचं ऑफिस असलेल्या पर्वत पाटिया भागात जायचं तर सुरतऐवजी उधन्याला उतरावं, पुढे शटल, म्हणजे शेअर रिक्षा, स्वस्तात सोडते. लोचो हा डाळीचा वाफवलेला सुरती नाश्ता सकाळीच खावा, गरम आणि भरपूर तेल घालून. डाएटवाल्यांनी तिथे जाऊच नये.

वैशालीच्या ऑफिसात शिरताच कारागिरांचा मोठा फोटो दिसतो. कुणी बंगालचा, कुणी ओडिशाचा, कुणी बनारसचा, आणि मधोमध आमची खानदेशची वैशाली. शेठ कौतुकाने सांगत होते, प्रत्येक मुलखाचा हात वेगळा, म्हणून आमची साडी सगळीकडे खपते. आत बघितलं तर बहुतेक खुर्च्या रिकाम्या. त्या सगळ्यांची जुनी चित्रं कॉम्प्युटरला शिकवून झाली होती, आता हव्या त्या मुलखाचा हात तोच काढून देतो. वैशालीला ठेवलंय ते त्याच्या चुका पुसायला. हरणाला पाचवा पाय, फांदीला न चिकटलेलं फूल, असलं काहीबाही. मला संताप आला, पण पाहुणी होते.

दुपारी सिलेक्शन होतं. पडद्यावर एकेक डिझाइन येतं आणि शेठ पास करतात किंवा पुढे ढकलतात. मध्येच एक काठ आला, ओळीने केळफुलं, प्रत्येकाची एक पाकळी उचललेली. रावेरला मामाच्या बागेत असायची तश्शी. हा काठ आपलाच, म्हणून वैशालीने माझा हात दाबला. "ताई, हाई मनीच शे."

शेठनी पास केलं. शेजारचा ऑपरेटर तिला सहज म्हणाला, "ना बेन, आ तो मशीने बनावी. तमारी जूनी डिझाइन परथी."

म्हणजे काठ मशीनने काढलेला, तिच्याच जुन्या डिझाइनवरून. वैशाली हसली. ते हसू मला बघवेना.

संध्याकाळी डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत, आमची गार झाली. भजं हातात धरूनच ती म्हणाली, "नोकरी जाई ते जावो, ताई. पन मालेच मना हात वळखता उना नही."

स्वतःचाच हात तिला ओळखता आला नव्हता. मी चटणी पुढे सरकवली.

परत येऊन हे लिहितेय. सुरत बघा, खा, साड्या घ्या, मी नको म्हणणार नाही. मला मात्र दुकानातल्या साडीला हात लावावासा वाटत नाही.

काल वैशालीने दोन फोटो पाठवले. दोन्हींत केळफुलाचा काठ. खाली लिहिलंय, "ताई, यातलं माझं कोणतं?"

मी तिच्यासोबत मामाच्या त्या बागेत वाढले. सकाळपासून मोठं करकरून बघतेय, सांगता येत नाही. फोटो मी पाहिल्याच्या निळ्या खुणा तिला केव्हाच दिसल्या असतील.