मंगळयानातला फितूर आणि माझी मिशी

रशियाने आभाळात गोळा सोडला, त्या हिवाळ्यात नागपूरच्या रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी मंगळावर निघालेल्या पाच माणसांची श्रुतिका लागायची. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात रेडिओ एकच, पंचायतीचा, चावडीत कुलपात ठेवलेला. किल्ली शाळामास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे. मी बावीस वर्षांचा होतो आणि त्या श्रुतिकेपायी पार वेडा झालो होतो. बुधवारपासूनच मला जेवण सुचत नसे.

नुसतं ऐकून माझं भागत नसे. यान हलणार असलं की आधी पत्रा वाजतो, डॉक्टर खोटं बोलण्याआधी खाकरतो, कप्तानाला संकटाच्या वेळीच तहान लागते, अशा खुणा मी वहीत टिपायचो आणि पुढच्या भागात काय होणार ते चावडीवर आधीच सांगून टाकायचो. तीनदा माझं खरं निघालं. लोक वाटेत थांबवून मला यानाची खबर विचारू लागले. मी चांगलाच फुगलो.

मग यानातलं पाणी कोणीतरी सांडून दिलं. पाचांतला एक फितूर होता. गावाचा संशय यान हाकणाऱ्यावर, कारण टाकीची किल्ली त्याच्याकडे. मी मात्र त्याचा आवाज पहिल्याच भागात ओळखला होता. रोज शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, किडीचा उपाय सांगायचा, तोच हा माणूस. त्याच्या सांगण्यावरून गावाने भुकटी मारली होती आणि गुणही आला होता. पऱ्हाटीच्या बाबतीत ज्यानं फसवलं नाही, तो मंगळाच्या वाटेवर दगा देईल, हे मला पटेचना. फितूर डॉक्टरच, असं मी ठणकावून सांगितलं आणि तावातावात बोलून गेलो, "चुकलो तर मिशी उतरवीन."

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आणि माझे बाबा समोरच खांबाला टेकून तंबाखू मळत बसले होते.

"मी जित्ता हाय ना बे अजून?" एवढंच ते म्हणाले.

तो आठवडा सरता सरेना. श्रुतिकेला थोतांड म्हणणारे बाबा रोज विचारायचे, "त्या डॉक्टरचं पक्कं हाय ना?" आई माझ्याशी बोलत नव्हती, पण देवापुढे हात जोडून डॉक्टरच फितूर निघू दे म्हणायची. मला लाज वाटत होती आणि तरी गुरुवार कधी येतो असं झालं होतं.

गुरुवारी बायाही चावडीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. पत्रा वाजला, कप्तानानं पाणी मागितलं, आणि किडीचा उपाय सांगायच्या त्याच सावकाश आवाजात यान हाकणारा म्हणाला, पाणी मीच सांडलं. हरलो होतो, तरी मनात म्हटलं, वा, काय फसवलं गड्यानं.

"जाऊ द्या गुरुजी, गमतीत बोलले तुम्ही," कोणीतरी म्हणालं. मी त्याचीच वाट पाहत होतो. पण बाबा उठले. "चारचौघात बोलला ना? उद्या काढून टाकजो."

सकाळी न्हावी वस्तरा हातात धरून बसून राहिला. बाप जिवंत असताना त्याचा हात चालेना. बाबा माझ्या शेजारी पोत्यावर टेकले. "लाव. मी हाय इथंच."

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरचा बाजार. माझा उघडा ओठ पाहून ओळखीचे लोक आवाज खाली आणून विचारत, "कवा गेले?" त्यामुळे गुडघा दुखत असूनही बाबा दिवसभर माझ्यामागे फिरले आणि प्रत्येकाला स्वतः उत्तर देत राहिले.

बैलबाजाराशी ते जरा मागे पडले, तेवढ्यात त्यांचे एक जुने सोबती समोर आले. मला पाहिलं आणि माझा हात धरून ते रडूच लागले. दुष्काळात बाबांनी त्यांना बियाणं कसं दिलं, कधी परत मागितलं नाही, असा माणूस होणार नाही, असं बरंच काही बोलत राहिले. मी तोंड उघडणार, तर त्यांच्या पाठीमागे बाबा उभे दिसले. त्यांनी मला बोटानं गप्प राहायला सांगितलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मगच सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना गावाजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "लोकायले मी एवढा चांगला वाटतो, मले मालूमच नव्हतं."